बांधावरच्या गप्पा : जुना राजपुत्र, नवा संगणक



या सदरात आपण कधी कांद्याच्या करप्यावर बोलतो, कधी हुमणीवर, तर कधी गाभण गाईच्या खुराकावर. आजचा विषय पाहून काही मंडळी म्हणतील की साहेबांना रब्बीच्या ऐन धांदलीत हे काय सुचले! विषय आहे संगणकावरच्या एका जुन्या खेळाचा. पण शेवटपर्यंत वाचा. विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊन पोचणारी ही गोष्ट आहे.

निमित्त झाले एका भगिनीच्या पत्राचे. आपल्याच तालुक्यातल्या एका वस्तीवरून त्यांनी लिहिले होते : "साहेब, आमचा थोरला दिवाळीच्या सुट्टीला घरी आला आहे. शहरात संगणकाचे शिक्षण घेतो. आल्यापासून माळ्यावरचा त्याच्या वडिलांचा जुना संगणक खाली काढून बसला आहे. त्यातला कसला तरी खेळ नव्या लॅपटॉपवर चालवायचा म्हणतो. वडील म्हणतात, कांदा लावायचा सोडून भंगारात डोके घालतोस, उद्या भंगारवाल्यालाच देतो तो डबा. दोघे एका ओसरीवर बसतात, पण बोलणे नाही. तुम्ही एकदा येऊन मुलाला दोन शब्द सांगा."

दोन शब्द सांगायला मी गेलो, आणि दोन शब्द शिकून आलो. ते असे.

हा राजपुत्र कोण?

ओसरीवर पोते अंथरून त्यावर तो जुना संगणक ठेवला होता. पिवळा पडलेला डबा आणि बाजूला काही फ्लॉप्या. एकीवर निळ्या शाईने लिहिले होते, "प्रिन्स". दुसरीवर, "हिशेब". अक्षर वडिलांचे. वडिलांना घरात अप्पा म्हणतात, आपणही अप्पाच म्हणू.

ज्या घरांतल्या कुणी १९९०च्या दशकात तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर क्लास केला असेल, त्यांना "प्रिन्स" म्हणताच आठवेल. पूर्ण नाव "प्रिन्स ऑफ पर्शिया". सर बाहेर गेले की मागच्या बाकावर कुणी तरी तो सुरू करी. त्याच्याच जोडीला "डेव्ह" नावाचा दुसरा एक खेळ असे. दोन्हींची जात एकच. पडद्यावर बाजूने दिसणारा एक माणूस, आणि त्याने पळत, उड्या मारत, एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर जात पुढे सरकायचे. अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात.

राजपुत्राचा खेळ बनवला जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने. १९८९ साली तो ॲपल-टू या संगणकासाठी बाहेर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून काम करून घेण्याची पद्धत. गोष्ट साधी आहे. दुष्ट वजीर राजकन्येला कोंडतो आणि तिच्यापुढे वाळूचे घड्याळ ठेवतो. एका तासात लग्नाला होकार दे, नाही तर मर. राजपुत्र तळघरात, हाती तलवारसुद्धा नाही. त्याला साठ मिनिटांत बाहेर पडून, चढत चढत तिच्यापर्यंत जायचे असते.

हा खेळ गाजला तो राजपुत्राच्या चालण्यामुळे. मेकनर यांनी १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालायला लावले, एका वाहनतळावर पळायला, उड्या मारायला सांगितले आणि कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले. मग एकेक चित्र पाहून त्यावरून राजपुत्राची आकृती रेखाटली. म्हणून तो पळताना खरोखर पळतो, थांबताना दोन पावले घसरतो आणि कट्ट्याची कड धरून लोंबकळतो. तलवारबाजीची चाल त्यांनी १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या बोलपटावरून उचलली. संगीत त्यांच्या वडिलांनी दिले. म्हणजे धाकटा भाऊ धावला आणि बापाने सूर दिले. एका घराने मिळून उभी केलेली वस्तू आहे ही, आपल्याकडे घरचीच माणसे मिळून कांदा काढतात तशी.

मग नव्या संगणकावर तो का चालत नाही?

मुलाचा लॅपटॉप नवा कोरा. अप्पांचा जुना संगणक त्याच्यापुढे म्हणजे ट्रॅक्टरपुढे लाकडी नांगर. तरीही नव्यावर जुना खेळ सुरूच होईना. "हा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालू शकत नाही," एवढीच पाटी येई. अप्पा दुरून म्हणाले, "लाखभर रुपयांचं यंत्र अन् तीस वर्सांचा खेळ चालंना!"

याचे कारण शेतकऱ्याला चटकन समजेल. जुन्या गावठी वाणाला रासायनिक खताचा मोठा डोस दिला की पीक जोमदार होण्याऐवजी नुसते माजते आणि लोळते. वाण वाईट नसतो, खतही वाईट नसते. त्या वाणाची सवय वेगळी असते. तसेच इथे. डॉसचे प्रोग्राम १६-बिट म्हणवल्या जाणाऱ्या पद्धतीने लिहिलेले होते. आजचे विंडोज ६४-बिट पद्धतीचे आहे आणि ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. २०२१ साली आलेले विंडोज ११ तर केवळ ६४-बिटच निघाले.

दुसरी अडचण आवाजाची आणि चित्राची. जुना खेळ थेट यंत्राशी बोलायचा. आवाजाचे कार्ड अमुक जागी असेल, पडदा आडवा ३२० आणि उभा २०० ठिपक्यांचा असेल, असे तो धरून चालायचा. आजच्या यंत्रात त्या जागी तसे काही नसते.

तिसरी अडचण वेगाची. त्या काळच्या काही खेळांत वेळ मोजायला घड्याळाऐवजी यंत्राचा वेगच धरलेला असे. असा खेळ आजच्या यंत्रावर चाललाच, तर सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा उधळतो. तुम्ही बोट उचलायच्या आत गडी खड्ड्यात.

बहुरूपी कामाला येतो

यावरचा इलाज एम्युलेटर. शब्द परका आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. सुगीनंतर गावात बहुरूपी यायचा. पोलिसाचा वेष घालून असा काही दरडावायचा की नवखा माणूस खराच फौजदार समजून उभा राही. एम्युलेटर म्हणजे संगणकातला बहुरूपी. नव्या यंत्रात बसून तो जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेतो. खेळाने विचारले, आवाजाचे कार्ड कुठे आहे? हा म्हणतो, हे काय इथेच आहे. खेळाला वाटते आपण १९९० सालीच आहोत, आणि तो सुखाने चालू लागतो.

डॉसच्या खेळांसाठी असा एक बहुरूपी म्हणजे डॉसबॉक्स. २००२ सालापासून तो उपलब्ध आहे. विनामूल्य आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्यांवर चालतो. साध्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवरही राजपुत्र त्यात आरामात धावतो. नवे यंत्र घ्यायची गरज नाही.

दुसरीही एक रीत आहे. काही जाणत्या मंडळींनी डॉसच्या खेळाचा आतला भाग उलगडून तो आजच्या संगणकासाठी नव्याने बांधला. तिला पोर्ट म्हणतात. फरक असा समजावा. डॉसबॉक्स हे हरितगृह, रोपाला त्याचे मूळचे हवामान तयार करून देणारे. पोर्ट हे कलम, जुनी फांदी नव्या खुंटावर बांधलेली. दोन्ही रीतींनी फळ मिळते.

करावयाची कृती

मुलाने माझ्यासमोर केली ती कृती क्रमाने देतो. ज्यांच्या घरी असा जुना डबा आहे त्यांनी कात्रण काढून ठेवावे.

१. जुना संगणक माळ्यावरून काढल्याबरोबर वीज जोडू नये. आधी मऊ ब्रशने धूळ काढावी. उंदराने वायर कुरतडली आहे का ते पाहावे. विजेचा जो बंद चौकोनी डबा आत असतो तो मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात काही काळ झटका देण्याइतका भार राहू शकतो.

२. आतला गोल बटणासारखा सेल बहुधा संपलेला असतो. त्यामुळे तारीख चुकते आणि काही जुन्या यंत्रांत संगणक आपली हार्ड डिस्कही विसरतो. यंत्र मेले असे समजून फेकू नये. सेल बदलून पाहावा.

३. साडेतीन इंची फ्लॉपी वाचण्यासाठी यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. त्याहून मोठी, पातळ, सव्वापाच इंची फ्लॉपी मात्र त्यात बसत नाही, त्यासाठी जुनाच ड्राइव्ह शोधावा लागतो. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून आयडीई ते यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावता येते. फ्लॉपीला बुरशी असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. एक बुरशीची फ्लॉपी ड्राइव्ह खराब करते आणि मग पुढच्या चांगल्या फ्लॉपीही नासतात. बियाण्याचे पोते निवडताना आपण हीच काळजी घेतो.

४. निघेल ते आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यावे आणि त्याची लगेच दुसरी नक्कल पेनड्राइव्हवर ठेवावी. पुढचे सारे प्रयोग नकलेवर. मूळ फ्लॉपीला पुन्हा हात नाही.

५. डॉसबॉक्स त्याच्या मूळ ठिकाणावरूनच घ्यावा. खेळाच्या फाइली एका सुट्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि फोल्डरचे नाव इंग्रजीत, छोटे, आठ अक्षरांच्या आत द्यावे. डॉसला लांब नावे झेपत नाहीत.

६. डॉसबॉक्स उघडला की काळी पाटी दिसते. तिथे इंग्रजीत आधी "माउंट" हा शब्द, मग जागा सोडून "सी" हे अक्षर, पुन्हा जागा सोडून त्या फोल्डरचा पत्ता लिहावा आणि एंटर दाबावे. याचा अर्थ, "हा फोल्डर म्हणजेच तुझी हार्ड डिस्क समज." मग "सी" आणि त्यापुढे दोन टिंबांचे चिन्ह लिहून एंटर. मग खेळ सुरू करणाऱ्या फाइलचे नाव.

७. खेळ फार जलद पळू लागला तर कंट्रोल आणि एफ-११ एकत्र दाबावे, वेग कमी होतो. रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ-१२. लॅपटॉपवर कधी कधी यासोबत एफ-एन बटणही धरावे लागते. ऑल्ट आणि एंटर दाबले की चित्र पडदाभर होते.

८. आवाज येत नसेल तर खेळाच्या आवाजाच्या मांडणीत साउंड ब्लास्टर निवडावे आणि आकडे २२०, ७ आणि १ द्यावेत. डॉसबॉक्स आपल्या सोंगात मुळात हेच आकडे धरून बसलेला असतो.

९. आजचे पडदे रुंद असतात. राजपुत्र आडवा फुगलेला किंवा बुटका दिसला तर डॉसबॉक्सच्या मांडणीत चित्राचे मूळ प्रमाण राखण्याची खूण करावी.

ही सारी खटपट त्या मुलाने तीन दिवस केली होती. चार फ्लॉप्यांपैकी दोन वाचल्याच गेल्या नाहीत. "प्रिन्स" वाचली गेली. चौथ्या दिवशी, मी ओसरीवर असतानाच, पडद्यावर वाळूचे घड्याळ उभे राहिले.

अप्पांची बोटे

मुलाने खेळायला घेतले आणि पहिल्याच दालनात मेला. एक फरशी सैल होती, तिच्यासकट खाली. पुन्हा सुरू केले, या खेपेला जमिनीतून काटे वर आले. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्यासमोर तलवारीवाचून उभा राहिला आणि एका घावात संपला. संगणकाचे शिक्षण घेणारा मुलगा, पण राजपुत्र काही त्याला जुमानेना.

अप्पा खांबाला टेकून विड्याचे पान लावत होते. न राहवून म्हणाले, "आधी उलट्या अंगाला जा. तलवार तिकडं पडलीय, सांगाड्याजवळ." मुलाने वर पाहिले. अप्पा म्हणाले, "शिफ्ट धरून पाऊल टाक. शिफ्ट धरली की गडी जपून चालतो. काट्यांतून पळायचं नसतं, चालायचं."

मुलगा बाजूला सरकला. अप्पा हात धोतराला पुसून लॅपटॉपपुढे बसले. पंचवीसेक वर्षे ज्या बोटांनी फक्त खुरपे, लगाम आणि मोटारीचा स्टार्टर धरला, ती बोटे बाणांच्या बटणांवर अशी पडली की जणू कालच क्लास सुटला होता. कुठली फरशी हलते, कुठली कळ दाबली की दार उघडते आणि ते पडायच्या आत किती पावले टाकायची, सारे त्यांना ठाऊक. माउली दारात उभी. त्यांना नवऱ्याची ही विद्या लग्नापासून पहिल्यांदाच दिसत होती.

चौथ्या टप्प्यावर वाटेत एक आरसा येतो. पळत जाऊन त्यातून उडी मारावी लागते. उडी मारली की आरशाच्या दुसऱ्या बाजूने राजपुत्राचीच सावली निघून पळून जाते आणि पुढे ती त्याला त्रास देते. एके ठिकाणी त्याच्या वाटचे औषध पिऊन टाकते, एके ठिकाणी त्याच्या तोंडावर दार बंद करते.

मुलाने तेव्हा वडिलांना एक गोष्ट सांगितली, ती मलाही नवी होती. ही सावली टंचाईतून जन्मली. मेकनर यांच्या यंत्रात स्मरणाची जागा संपत आली होती. नव्या शत्रूची चित्रे ठेवायला ठिकाणच उरले नव्हते. म्हणून त्यांनी राजपुत्राचीच चित्रे गणिताची एक युक्ती करून वेगळ्या रूपात दाखवली आणि तोच शत्रू केला. अप्पा म्हणाले, "म्हंजी हाय त्या पाण्यात भिजवलं."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. ज्या मूळ लिखाणावरून हा खेळ बनला ते मेकनर यांच्यापाशीच सापडत नव्हते. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरात एका खोक्यात त्या जुन्या फ्लॉप्या मिळाल्या. जाणकारांनी त्या जपून वाचून काढल्या आणि मेकनर यांनी ॲपल-टूचे ते लिखाण सर्वांना अभ्यासासाठी खुले केले. मुलगा बोलत होता आणि अप्पा खेळ थांबवून ऐकत होते. माळ्यावरच्या डब्याला भंगार म्हटले ते त्यांना आठवले असावे, कारण पुढे तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

दुसरी फ्लॉपी

आता खरी गोष्ट. "हिशेब" लिहिलेली फ्लॉपी खराब झाली होती. पण जुन्या हार्ड डिस्कवर तोच हिशेब मिळाला. अप्पा १९९९ ते २००४ या काळात घरची जमाखर्चाची नोंद त्या संगणकावर ठेवत. क्लासच्या सरांनी फॉक्सप्रोमध्ये एक छोटा प्रोग्राम बांधून दिला होता. मुलाने सहज म्हणून त्याची नक्कलही डॉसबॉक्समध्ये टाकली. ज्या बहुरूप्याने राजपुत्राला फसवले, त्याने हिशेबालाही फसवले. यादी उघडली.

आता घरची गोष्ट चारचौघांत सांगायची तर परवानगी हवी. ती अप्पांनी दिली, नाव न घालण्याच्या बोलीवर. दोघा भावांची विहीर सामाईक. २००३च्या दुष्काळात ती खोल केली, नवी पाइपलाइन टाकली. पुढे वाटण्या झाल्या. अप्पांची पक्की समजूत, की त्या कामाचा सारा खर्च आपण केला आणि थोरल्या भावाने छदाम दिला नाही. थोरले म्हणत, मी अर्धे दिले. कागद कुणाकडेच नव्हता. शब्दाला शब्द वाढला, पाण्याच्या पाळ्या मोडल्या आणि सहा वर्षांपासून दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद. थोरल्यांचा कांदा दोन हंगाम पाण्यावाचून सुकला.

यादीत २००३च्या उन्हाळ्यात दोन नोंदी होत्या. थोरल्यांकडून जमा. एक रोख, दुसरी त्यांच्या दुधाच्या पगारातून वळती. दोन्ही मिळून खर्चाच्या अर्ध्याला थोडे कमी. टाइप केल्या होत्या अप्पांनीच.

ओसरीवर कुणी बोलेना. मुलाने हळूच विचारले, "अप्पा, बंद करू?" अप्पा म्हणाले, "नको. छापता येतंय का बघ."

मी विस्ताराच्या कामात इतकी वर्षे काढली. शेतकऱ्याला सांगत आलो की नोंद ठेवा, नोंद ठेवा. बियाणे किती, खत किती, मजुरी किती. पण नोंद आपल्याच विरुद्ध बोलू लागली तर ती छापून घेण्याचे धैर्य लागते, हे मी कधी सांगितले नव्हते. ते त्या दिवशी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा तो कागद घेऊन थोरल्या भावाकडे गेले. तिथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. गेल्या आठवड्यात त्या रस्त्याने जाताना थोरल्यांच्या वाफ्यांत पाणी चाललेले दिसले आणि दारे धरायला पुतण्या उभा होता, एवढे मात्र सांगतो.

राजपुत्राच्या खेळातही शेवटी असेच आहे. बाराव्या टप्प्यावर सावली पुन्हा समोर येते, तलवार उपसून. जो तिच्यावर घाव घालतो, त्याचा तो घाव त्यालाच लागतो. सावली आपलीच असते ना! तलवार म्यान करून पुढे गेले की ती येऊन अंगात मिसळते आणि वाट मोकळी होते. अप्पांना हे क्लासमध्ये असतानाच ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि करणे यांत बराच बांध असतो.

सावधगिरीचे चार शब्द

पहिला शब्द. डॉसबॉक्स बनवणाऱ्यांनी तो मुख्यतः खेळांसाठी बनवला आहे. जुना हिशेब त्यात पाहायला हरकत नाही, पण नकलेवरच पाहावा आणि नव्या नोंदी त्यात करीत बसू नये. फॉक्सप्रोच्या याद्या आजच्या विनामूल्य लिबरऑफिसमध्येही उघडतात. तिथे उघडून पडताळा घ्यावा, नव्या प्रकारात साठवावे आणि एक प्रत कागदावर छापून ट्रंकेत ठेवावी. कागदाला बहुरूप्याची गरज पडत नाही.

दुसरा शब्द. खेळ जुना झाला म्हणून तो बेवारस होत नाही. आपल्या कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामलाही पुस्तकासारखाच लेखकाचा हक्क आहे, आणि तो लेखकाच्या पश्चात साठ वर्षे राहतो. त्या काळी क्लासमधल्या फ्लॉप्या बहुधा एकमेकींच्या नकलाच असत, हे खरे. पण मुलांना आज शिकवताना खरे ते सांगावे. विकत मिळत असेल तर विकत घ्यावे, आणि मालकाने मोकळे केले असेल तर मोकळेपणाने वापरावे.

तिसरा शब्द. "जुने सर्व खेळ फुकट" अशी लालूच दाखवणाऱ्या ठिकाणी खेळाच्या पोटात विषारी प्रोग्राम असू शकतो. ज्या लॅपटॉपवर किंवा फोनवर बँकेचे खाते उघडता, त्यावर असले प्रयोग करू नयेत. खेळ चालवायला कुणी ओटीपी मागितला, तर तो खेळ नाही, दरोडा आहे.

चौथा शब्द आयाबापांसाठी. मुलगा जुन्या यंत्रात डोके घालतो म्हणून तो वाया गेला असे समजू नका. तयार खेळ तासन्‌तास खेळत बसणे वेगळे आणि बंद पडलेली वस्तू का चालत नाही ते शोधून चालवणे वेगळे. दुसरे काम म्हणजे मोटार का उचलत नाही ते शोधण्यासारखेच आहे. वेळेचे बंधन घाला, कांद्याच्या लावणीला हाताशी घ्या, पण एक संध्याकाळ त्याच्याशेजारी बसून "हे काय चालवलंयस" एवढे विचारा. कदाचित तुमच्याही बोटांना काही आठवेल.

आणि हो, पत्र लिहिणाऱ्या भगिनीला निरोप. तुम्ही मला मुलाला दोन शब्द सांगायला बोलावले होते. ते सांगायचे राहूनच गेले, याबद्दल क्षमा असावी. चहा फार चांगला होता.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटे अळी आणि पक्षिथांबे. आपापल्या शेतात किती पक्षिथांबे लावले ते मोजून ठेवा, आणि वहीत लिहून ठेवा.